इथे सॅक्सोफोन चालत नाही

आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक पब आहे. लंडन संपून केंट कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही अशा भागात. रविवारी दुपारी त्याच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्यांचा एक बँड अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा जुना जॅझ वाजवतो. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, बॅन्जो, ट्यूबा आणि ड्रम. खोलीत रोस्टवर ओतलेल्या ग्रेव्हीचा वास असतो आणि गालिचा इतकी वर्षं बिअर प्यायलेला आहे की चालताना बुटाला किंचित चिकटतो. ट्रॉम्बोनवाले आजोबा दोन गाण्यांच्या मध्ये नळीत साठलेलं पाणी सरळ त्या गालिच्यावर सोडतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मध्यंतरात सोडतीची तिकिटं फिरतात. बक्षीस वाइनची बाटली, ती बहुतेक वेळा बॅन्जोवाल्याच्या बायकोलाच लागते आणि त्यावरचा विनोद दर खेपेला तोच होतो. श्रोत्यांत काठ्या, श्रवणयंत्रं, एखादी व्हीलचेअर. माझ्या वयाचं कुणी दिसलं तर ते आईवडिलांना घेऊन आलेलं असतं. हे सगळं मला आवडतं. पहिलं गाणं सुरू झालं की ऐंशीच्या घरातली माणसं टेबलाखाली पाय हलवू लागतात, तेही आवडतं.

मागे एका रविवारी एक विशीतली मुलगी आली. पाठीवर वाद्याची भली मोठी काळी केस. मध्यंतरात ती कॉर्नेटवाल्यांकडे गेली आणि विचारलं की एखाद्या गाण्याला तुमच्याबरोबर बसू का. केसमध्ये काय आहे ते त्यांनी विचारलं. टेनर सॅक्सोफोन. गृहस्थ अतिशय सभ्य. ते हसले आणि म्हणाले, ‘‘माफ कर हं पोरी, आमच्याकडे सॅक्सोफोन नसतो. क्लॅरिनेट वाजवतेस का? मग लगेच ये.’’ ती नाही म्हणाली, पण उठून गेली नाही. केस दोन गुडघ्यांत धरून ती पुढचं सत्र ऐकत बसली. मी तिच्या मागच्या टेबलावर होते, म्हणून मला दिसलं: केसच्या कडेवर तिची बोटं चालत होती. गाण्याचा दुसरा भाग कुठे वळतो, कुठे सगळे एकदम थांबतात आणि एकट्याला दोन मात्रा मिळतात, हे सगळं त्या बोटांना ठाऊक होतं. शेवटच्या गाण्याआधी ती निघून गेली.

कुणी तिचा अपमान केला नव्हता. तरी आठवडाभर ते माझ्या डोक्यातून जाईना.

या बँडांची रचना कळायला मला बराच काळ लागला. आपल्याकडे एक गातो आणि बाकीचे साथ करतात. इथे तिघं एकाच वेळी आपापलं बोलत असतात. कॉर्नेट मूळ चाल धरून मधोमध चालतो. क्लॅरिनेट तिच्या डोक्यावरून भराभर गिरक्या घेत जातो आणि दर वळणावर कॉर्नेट श्वास घेईल ती फट शोधतो. ट्रॉम्बोन खालून एका सुरातून दुसऱ्यात घसरत येतो, दोन ओळींमधला खड्डा भरून काढतो. म्हणजे कुणी कुणाची वाट अडवायची नाही आणि कुणी गप्पही बसायचं नाही. चुकलं तर नुसता गलका होतो. जमलं की मात्र असं वाटतं की तीन माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करताहेत. टेनर सॅक्सोफोन तिथे घुसला तर ट्रॉम्बोनच्या आणि कॉर्नेटच्या मधली जागा खातो, असं मला बॅन्जोवाल्यांनी नंतर समजावलं. पटण्यासारखं आहे. पण ते ज्या खात्रीने बोलत होते त्यात कानापेक्षा धर्म जास्त होता, आणि धर्म म्हटला की तो कुठून आला हे बघावंसं वाटतं.

तो धर्म बराचसा आमच्याच भागात जन्मला. बार्नहर्स्टमधल्या ‘रेड बार्न’ नावाच्या पबात, दुसरं महायुद्ध चालू असताना, जॉर्ज वेब नावाचा एक पियानोवादक आपला ‘डिक्सीलँडर्स’ नावाचा बँड घेऊन बसू लागला. दिवसा ही मंडळी जवळच्या क्रेफर्डला विकर्स-आर्मस्ट्राँगच्या शस्त्रांच्या कारखान्यात. हात तेलकट, डोक्यावर बाँबफेकी विमानं, आणि संध्याकाळी वाजवायचं काय, तर वीस वर्षांपूर्वी शिकागोत ध्वनिमुद्रित झालेलं न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वादकांचं संगीत. तोवर अमेरिकेत ते जुनंपुराणं झालं होतं. तिथे स्विंगचे, म्हणजे नाचाच्या जॅझचे, मोठाले वाद्यवृंद जोरात होते आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तरुण मंडळी बीबॉपच्या, म्हणजे वेगवान, गुंतागुंतीच्या नव्या जॅझच्या तयारीत होती. त्याच सुमारास तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्सने दोन कॉर्नेट, दोन बॅन्जो आणि ट्यूबा जमवून न्यू ऑर्लिन्सच्या कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या रेकॉर्डी पुन्हा उभ्या करायला घेतल्या होत्या. या दोघांना एकमेकांची फारशी खबर असेल असं नाही. दोघांचा गुरू मात्र एकच. ग्रामोफोन.

इंग्लंडमध्ये तर दुसरा गुरू मिळणंच शक्य नव्हतं. १९३५ पासून वादकांच्या संघटनेच्या आणि सरकारच्या भूमिकेमुळे अमेरिकन बँडना इथे वाजवायला जवळजवळ बंदीच होती, आणि ती पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. म्हणजे दोन दशकं इंग्लंडमधल्या पोरांनी हे संगीत प्रत्यक्ष जवळजवळ ऐकलंच नाही. त्यांनी ऐकली ती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी. सुई पुन्हा मागे ठेवायची, पुन्हा तो तुकडा, पुन्हा सुई.

आणि त्या तबकडीत काय होतं? १९२३ च्या एप्रिलमध्ये किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. स्टुडिओच्या शेजारून आगगाडीचे रूळ, गाडी आली की काम थांबवायचं. मायक्रोफोनचा जमाना अजून दोन वर्षं लांब. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं आणि कर्ण्याच्या टोकाची सुई मेणात खाचा पाडणार. मोठा ड्रम दणकवला तर सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्ससारख्या ड्रमवादकाच्या हातात लाकडी ठोकळे उरले. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज ऑलिव्हरला झाकून टाकत होता, म्हणून त्याला कर्ण्यापासून बराच दूर उभं केलं होतं असं सांगतात. आणि बिल जॉन्सन! तो मुळात बास वाजवणारा. उभ्या बासचे खोल सूर कर्ण्याला पकडता येत नव्हते, म्हणून त्या दिवशी त्याच्या हातात बॅन्जो आला. बॅन्जो कडक आणि टणत्कारी, मेणावर छान उमटतो.

वीस वर्षांनी केंटमध्ये आणि कॅलिफोर्नियात जी पोरं कान लावून बसली, त्यांना वाटलं की अस्सल न्यू ऑर्लिन्स म्हणजे हेच. बॅन्जो हवाच. ट्यूबा हवा. ड्रम जपून. ठोकळे टकटक. गाणं तीन मिनिटांत आटपलेलं बरं. बडी बोल्डेनला या परंपरेचा आद्यपुरुष मानतात. त्याच्या बँडचं एकच छायाचित्र टिकलंय, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. त्यात कॉर्नेट आहे, ट्रॉम्बोन आहे, क्लॅरिनेट तर दोन आहेत, गिटार आहे आणि उभा बास आहे. बॅन्जो नाही. आमच्या पबात मी हे कधी बोलून दाखवलेलं नाही. बॅन्जोवाले सोडतीची तिकिटं विकतात, वैर घेऊन परवडणार नाही.

हे वाचताना मला सारखी बालगंधर्वांची आठवण येत होती. नाटकात ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ घेत एकेक पद किती रंगायचं, तिरखवांसाहेबांच्या तबल्यावर आणि सारंगीवर ते कसं फुलत जायचं, हे आजीच्या पिढीकडून ऐकलं. हातात उरलं ते तबकडीवरचं तीन-साडेतीन मिनिटांचं पद. त्यात शेवटचा अंतरा घाईने उरकलेला, कारण मेण संपत आलं होतं. आणि आज स्पर्धेत एखादी गुणी मुलगी ती घाईसुद्धा जशीच्या तशी गाते. परीक्षक मान डोलावतात. मीही डोलावली आहे.

जुन्या जॅझच्या पुनरुज्जीवनाच्या या चळवळीतला मला सर्वांत भावलेला माणूस म्हणजे ट्रम्पेटवादक बंक जॉन्सन, आणि तो तर खुद्द न्यू ऑर्लिन्सच्याच लुइझियाना राज्यातला. तीसच्या दशकाच्या शेवटी जॅझचा पहिला मोठा इतिहास लिहिणाऱ्या मंडळींना जुन्या वादकांकडून त्याचं नाव कळलं. शोध घेतला तर हा न्यू आयबेरिया नावाच्या गावात भातशेतीत मजुरी करतोय, ट्रक चालवतोय. त्याने पत्राला उत्तर पाठवलं की मी वाजवायला तयार आहे, फक्त मला दात नाहीत आणि वाद्य नाही. मग वर्गणी झाली. दात बसवले डॉ. लेनर्ड बेशे यांनी, म्हणजे नामवंत जॅझवादक सिडनी बेशेच्या थोरल्या भावाने. १९४२ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि शोधणाऱ्यांना साक्षात आदिकाळ सापडल्याचा आनंद झाला. बंकने आपलं जन्मसाल १८७९ सांगितलं होतं, म्हणजे बोल्डेनबरोबर वाजवल्याचा हिशेब नीट बसतो. पुढच्या अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा तो बहुधा दहा वर्षांनी लहान निघाला. मला त्यात लबाडीपेक्षा चाणाक्षपणा दिसतो. समोरच्या गोऱ्या पोरांना म्हातारा हवा होता, याने म्हातारा दिला. गंमत पुढेच आहे. बंकला स्वतःला त्या वेळची चालू लोकप्रिय गाणी वाजवायची होती, वाचून वाजवणारे तालीमदार वादक हवे होते. चाहत्यांना ते पसंत नव्हतं. १९४७ मध्ये त्याने अखेर आपल्या पसंतीची माणसं घेऊन आपल्याला हवं ते वाजवलं. १९४९ मध्ये तो गेला.

म्हणजे ज्याला देव्हाऱ्यात बसवलं, त्यालाच मधूनमधून खाली उतरायची इच्छा होत होती.

केन कोलियरचं उलट. हा इंग्लिश, १९२८ चा जन्म, ग्रेट यार्मथचा. याला तबकडीवर भागत नव्हतं. न्यू ऑर्लिन्सला जायला पैसे कुठले, म्हणून तो व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि १९५२ मध्ये अलाबामातल्या मोबिल बंदरात उतरून जहाज सोडून सरळ बसने न्यू ऑर्लिन्स गाठलं. तिथे क्लॅरिनेटवादक जॉर्ज लुइस आणि त्याचे साथीदार वाजवत होते. ते वर्ष ध्यानात घ्यायला हवं. त्या शहरात काळ्या आणि गोऱ्या वादकांनी एका मंचावर एकत्र वाजवणं कायद्याला आणि शेजाऱ्यांना दोघांनाही मंजूर नव्हतं. हा मात्र आपला कॉर्नेट घेऊन रात्रीमागून रात्र त्यांच्यात बसला. व्हिसाची मुदत संपली, नाताळाच्या सुमारास त्याला पकडलं आणि ३८ दिवस तुरुंगात ठेवून परत पाठवून दिलं. १९५३ च्या मार्चमध्ये तो इंग्लंडला पोचला तो जवळजवळ संतपद घेऊनच. क्रिस बार्बर, मॉन्टी सनशाइन, लॉनी डॉनेगन वगैरेंनी त्याच्यासाठी बँड तयार ठेवला होता. वर्षभरात फाटलं. कोलियरला जे सापडलं होतं त्यात काडीचाही बदल त्याला खपत नव्हता, बाकीच्यांना थोडं मोकळं व्हायचं होतं. एकट्याच्या करामतीपेक्षा सगळ्यांचा मिळून एक आवाज, मध्यम लय, ताल असा की माणूस त्यावर चालू शकेल, असा त्याचा आग्रह. त्याच्या रेकॉर्डी ऐकल्या तर प्रथम वाटतं की हा काहीच करत नाहीये. चौथ्या-पाचव्या वेळी कळतं की त्या काहीच-न-करण्यात किती जोर आहे. माणूस हट्टी होता, कडू होता, पीत होता, आणि मला त्याचं वाजवणं त्या सगळ्या गटात उजवं वाटतं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिणं अन्यायाचं होईल.

कारण पुढचं आहे ते त्या हट्टाच्या दुसऱ्या टोकाचं. त्याच १९५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये हम्फ्री लिटलटनचा कार्यक्रम होता. हा ईटनला शिकलेला, राजाच्या ग्रेनेडियर गार्ड्समधला अधिकारी आणि इंग्लंडमधल्या या चळवळीचा लाडका ट्रम्पेटवादक. त्याने बँडमध्ये ब्रूस टर्नर नावाच्या अल्टो सॅक्सोफोनवादकाला घेतलं होतं. टर्नर वाजवायला उभा राहिला आणि श्रोत्यांतून फलक फडकला: ‘घरी जा, घाणेरड्या बॉपवाल्या’. पोस्टर रंगवून, गुंडाळून, तिकीट काढून आत आणायला किती तयारी लागली असेल! आणि हे कशासाठी, तर न्यू ऑर्लिन्सच्या शुद्धतेसाठी. खुद्द न्यू ऑर्लिन्समध्ये सॅम मॉर्गनच्या बँडने १९२७ मध्ये जी सुंदर भजनं आणि नाचाची गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यात सॅक्सोफोन आहेत. किड थॉमस व्हॅलेंटाइनच्या बँडमध्ये आणि युरेका ब्रास बँडच्या मिरवणुकांत इमॅन्युएल पॉल वर्षानुवर्षं टेनर सॅक्सोफोन घेऊन चालला. कॅप्टन जॉन हँडी तर अल्टोच वाजवायचा आणि असा की क्लॅरिनेटला पळता भुई थोडी व्हावी. आणि सिडनी बेशे. त्या शहराने दिलेल्या सर्वांत मोठ्या वादकांतला एक. त्याला जगभर ओळखतात ते सोप्रानो सॅक्सोफोनमुळे, आणि तो सॅक्सोफोन त्याने पहिल्या महायुद्धानंतर दौऱ्यावर असताना कुठल्या दुकानातून घेतला? लंडनच्या!

पुढे साठच्या तोंडावर इथे हे संगीत ‘ट्रॅड’ (‘ट्रॅडिशनल’चं लघुरूप) या नावाने तुफान चाललं. अॅकर बिल्क सैन्यात असताना सुएझच्या पट्ट्यात क्लॅरिनेट शिकला होता. पहाऱ्यावर झोपल्याबद्दल शिक्षा भोगत होता, तेव्हा वेळ भरपूर होता म्हणे. त्याने बोलर टोपी आणि पट्ट्यापट्ट्यांचं वेस्टकोट चढवलं आणि १९६२ मध्ये त्याची एक चाल अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेली. मग बीटल्स आले आणि वेस्टकोटं कपाटात गेली. लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब १९५७ मध्ये उघडला तो जॅझचा म्हणूनच. डॉनेगनच्या स्किफलमुळे, म्हणजे गिटारवर झोडपायच्या साध्यासोप्या लोकगीतांमुळे, ज्या पोरांनी गिटारी घेतल्या, त्यांनीच जॅझवाल्यांना तिथून उठवलं. यावर इथले जुने लोक अजून चिडतात. मला त्यात चिडण्यासारखं काही दिसत नाही. बार्बरने १९५८ मध्ये अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सला इंग्लंडमध्ये आणून वाजवायला लावलं, त्यातून इथल्या रॉक संगीतात काय काय उगवलं ते सगळ्यांना माहीत आहे.

इथे मला गिरगाव आठवतं. जॅझ आमच्या मुंबईत काही पुनरुज्जीवन म्हणून आला नव्हता. तो पोट भरायला आला होता. गोव्यातल्या गावोगावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली मुलं मुंबईला यायची, धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहात, राहायची आणि रात्री हॉटेलांच्या बॉलरूममध्ये जे मागतील ते वाजवायची. अल्डोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट झाला, ताजमध्ये आर्मस्ट्राँगसारखं वाजवू आणि गाऊ लागला, आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तोच ट्रम्पेट. पुणतांब्याचे चितळकर आणि अल्डोण्याचे वाझ मिळून देशाला नाचवत होते आणि अस्सल काय, नक्कल काय, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता तर पुढच्या टेकची वेळ झाली म्हणून दोघंही उठून गेले असते. दारूबंदीने बॉलरूम ओस पडल्यावर ही मंडळी स्टुडिओत मुरली. लहानपणी ठाकूरद्वाराला वरातीत जो बँड यायचा, त्यातल्या क्लॅरिनेटवाल्याचा चेहरा मला अजून दिसतो. गाल फुगलेले, कोटाचं सोनेरी बटण तुटलेलं, आणि ट्रम्पेट मुखडा वाजवत असताना हा वरून स्वतःचंच काहीतरी करायचा. कुणीही त्याला ते शिकवलं नसणार. मडगावजवळ आजोळच्या गावात अंत्ययात्रेपुढे ब्रास बँड चालायचा, संथ, जड पावलांनी. न्यू ऑर्लिन्सला जाताना असंच संथ भजन आणि दफन झाल्यावर परतताना उसळतं गाणं, हे पुढे वाचलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही.

मग कोलियर, वेब, बर्मिंगहॅमचे ते फलकवाले यांना वेड्यात काढावं का? तेही जमत नाही. जॉर्ज लुइस चाळिशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या गोदीत हमाली करत होता. १९४४ मध्ये गोदीत अपघात होऊन त्याच्या छातीला मार बसला. बिल रसेल हा ध्वनिमुद्रणवेडा मनुष्य यंत्र घेऊन त्याच्या घरी गेला, मित्र बॅन्जो आणि बास घेऊन आले, आणि खाटेवरच्या लुइसने जे संथ ब्लूज वाजवलं ते आज या संगीतातल्या अत्यंत हळव्या ध्वनिमुद्रणांपैकी एक आहे. तेव्हा अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना त्याचं काही पडलं नव्हतं. त्याला विचारलं ते या वेड्यांनी. १९५७ मध्ये तो कोलियरच्या बँडबरोबर इंग्लंडभर फिरला. सभागृहं भरलेली, लोक उभे राहून टाळ्या देताहेत, आणि हा किडकिडीत गोदीकामगार क्लॅरिनेट छातीशी धरून उभा. साठच्या दशकात तो जपानला जाऊन आला. तिथे त्याला ऐकून वेडावलेल्या पोरांपैकी योशिओ तोयामा १९६८ मध्ये बॅन्जो वाजवणाऱ्या बायकोसह न्यू ऑर्लिन्सला गेला आणि पाच वर्षं राहिला. पुढे या नवराबायकोने जपानमधून जुनी वाद्यं गोळा करून न्यू ऑर्लिन्सच्या शाळकरी मुलांना पाठवायला सुरुवात केली. शहरातली मुलं बंदुकीच्या वाटेला लागतात ते बघवेना, म्हणून. २०११ मध्ये त्सुनामीने केसेन्नुमा गावच्या मुलांच्या बँडची वाद्यं वाहून गेली तेव्हा नव्या वाद्यांचे पैसे न्यू ऑर्लिन्सहून आले.

आणि खुद्द त्या शहरात? डॅनी बार्कर नावाचा बॅन्जो आणि गिटार वाजवणारा गृहस्थ अनेक वर्षं न्यूयॉर्कला काढून १९६५ मध्ये घरी परतला, तर मिरवणुकीचे बँड म्हातारे होऊन संपत आलेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या नावाने वस्तीतली पोरं जमवली आणि त्यांना जुनी चाल शिकवली. पोरांनी ती शिकून घेतली आणि काही वर्षांतच तिच्यात बीबॉप घातलं, फंक घातलं, सूसाफोनला, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून वाजवायच्या ट्यूबाला, असं काही नाचवलं की जुने चाहते कानावर हात ठेवून बसले. डर्टी डझन आणि त्यांच्यानंतरचे बँड या मुशीतून निघाले. आज त्या शहरात अंत्ययात्रेला तरुण पोरं वाजवतात. आमच्या पबात ट्यूबावाल्यांना जिना चढवत नाही म्हणून खोली तळमजल्यावर घेतली आहे. हा फरक मला बोचतो, पण ज्यांच्या आजोबांच्या अंगणात ते संगीत उगवलं त्यांनी ते मोडावं-जोडावं, आणि ज्यांनी समुद्रापलीकडून जिवापाड मिळवलं त्यांनी ते मुठीत घट्ट धरावं, यात नवल नाही. ज्याचं घरचं आहे त्याला उधळायची मुभा असते. माझ्या पिढीचे परदेशातले मराठी लोक गणपतीत जेवढे सोवळ्याने वागतात तेवढे माझे पुण्यातले भाऊ वागत नाहीत.

ही सगळी बडबड मी माझ्या मामेबहिणीला फोनवर ऐकवली. ती पुण्यात नाट्यसंगीत गाते, शिकवते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘ताई, गेल्या दिवाळीत माझ्या मैफलीनंतर तू मला काय म्हणाली होतीस?’’ मी म्हणाले होते की गाणं फार छान झालं, पण तो सिंथेसायझर कशाला, नाट्यपदाला ऑर्गनच हवा, त्या पायपेटीच्या भात्याचा श्वास हवा. ‘‘मग?’’ ती म्हणाली, ‘‘ऑर्गन काय पंढरपूरला बनला होता? साहेबाच्या देवळातली पेटी ती. गंधर्वांच्या कंपनीत आली तेव्हा कुणीतरी नाक मुरडलंच असेल. आणि तो दुरुस्त करणारा माणूस तू पाठवतेस का लंडनहून? मी अख्खी पेटी टेम्पोत घालून नाशिकला नेते, परत येईपर्यंत चार सूर गेलेले असतात.’’

मी तिला सांगितलं की मुद्दा वेगळा आहे. कसा वेगळा, ते ती विचारत राहिली आणि मी सॅम मॉर्गनच्या १९२७ च्या सॅक्सोफोनपासून पुन्हा सुरुवात केली. तिच्या शिकवणीची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला. सिंथेसायझर मला अजूनही खटकतो.